दोन ते चारचं म्यान

सुरी दुपारी दोनला यायची आणि चारच्या आत परत जायची, टॉवेलात गुंडाळून, पिशवीच्या तळाशी. चारला आजी उठायची आणि उठल्या उठल्या तिचा उजवा हात उशीखाली जायचा. तिथे सुरी हाताला लागली नाही तर काय होतं ते तिच्या लेकीनं एकदा पाहिलं होतं. दुसऱ्यांदा पाहायची तिची तयारी नव्हती.

सुरी यायची ती आरीबाईच्या दुकानात. दुकान कसलं, जिन्याखालची एक खोली, मागच्या अंगणाकडे उघडणारी खिडकी आणि खिडकीखाली एक लांब बाक. आरी हे तिचं चामड्याला भोक पाडायचं हत्यार, आणि जीभही तिची त्याच कामाची, म्हणून गल्लीनं तिला हे नाव दिलं होतं. तिनं ते खुशाल घेतलं. तीस वर्षांत तिनं खाटकांच्या, माळ्यांच्या, स्वयंपाक्यांच्या सुऱ्यांना म्यानं शिवली होती. सुरी पाहिली की माणूस कसा असेल ते आपल्याला कळतं, असा तिचा एक गोड गैरसमज होता.

सोमवारी लेकीनं पहिल्यांदा टॉवेल उलगडला तेव्हा मात्र आरीबाईनं चष्मा काढून पुसला.

"हे काय ध्यान आहे?" ती म्हणाली.

पातं बोटभर लांब, पुढे पोपटाच्या चोचीसारखं आत वळलेलं. वर्षानुवर्षं धार लावून लावून ते मुठीलगत, गळ्याशी, इतकं झिजलं होतं की आता तुटेल असं वाटावं. टोकाजवळ पाठीवर नखाएवढं एक बोंड. मूठ काळपट लाकडाची, हाताच्या घामानं गुळगुळीत झालेली, फक्त तिच्या शेवटाला वर-खाली बारीक बारीक खळगे.

"आईची कलमाची सुरी," लेक म्हणाली. ती पोस्टात खिडकीवर बसायची, सकाळची पाळी, त्यामुळे बोलणं मोजकं आणि स्वच्छ. "रोपवाटिकेत होती आई. डोळे भरायची. म्हणजे खुंटाच्या सालीला चीर द्यायची, ह्या बोंडानं साल उचलायची, चांगल्या झाडाचा डोळा, म्हणजे कोंब, आत सरकवायचा आणि पट्टीनं बांधून टाकायचं. दिवसाला तीनशे. चाळीस वर्षं."

"आणि आता?"

"आता बरंच विसरलीय. मला कधी ताई म्हणते, कधी बाई. सुरी तेवढी विसरत नाही. उघडीच गाऊनच्या खिशात टाकते. गेल्या महिन्यात मांडीला चार टाके पडले."

मग उरलेलं तिनं एका दमात सांगितलं. परगावचा भाऊ रविवारी येणार होता, सुरी घेऊन जायला. मध्ये एकदा तिनं स्वतःच सुरी लपवून पाहिली होती. दोन दिवस आई जेवली नाही, बोलली नाही, उजवा हात उघडा ठेवून बसून राहिली, कुणीतरी त्यात काही ठेवेल म्हणून. फोनवर रडून भांडून लेकीनं भावाकडून एवढंच कबूल करून घेतलं होतं: आईनं त्याच्यासमोर तीनदा आपल्या हातानं सुरी म्यानात ठेवून दाखवली, तर सुरी राहील.

"भाऊ वाईट नाही," ती म्हणाली. "त्याला रक्त बघवत नाही."

आरीबाई सुरी हातात घेऊन फिरवत होती. टोकाकडे रुंद, गळ्याशी बारीक. साध्या म्यानात ती जाईल तर निघायची नाही, आणि निघेल एवढं सैल केलं तर आत राहायची नाही. तिला आतून जरा गुदगुल्या झाल्यासारखं झालं. अवघड काम दिसलं की तिचं असं व्हायचं, आणि त्याची तिला थोडी लाजही वाटायची, कारण समोरची बाई रडायच्या बेतात होती.

"मुठीला कुत्र्यानं दात लावलेत," ती म्हणाली. "घासून काढते, छान होईल."

"आमच्याकडे कुत्रा कधी नव्हता. पण काढा, स्वच्छ दिसेल."

आरीबाईनं पॉलिश पेपरचा तुकडा फाडलासुद्धा. पण भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते. "उद्या," ती म्हणाली, आणि लेक सुरी गुंडाळून जवळजवळ धावतच गेली.

*

चामडं ओलं करून वस्तूवर दाबून बसवलं, आणि तसंच वाळू दिलं, की ते त्या वस्तूचा आकार धरतं. पण वाळायला एक दिवस लागतो, आणि सुरी मिळणार दोन तास. म्हणून पहिलं काम आलं आरीबाईच्या नवऱ्याकडे. लोक बूट शिवून घ्यायचे तोवर तो बुटांचे लाकडी साचे करायचा. आता तो बहुतेक वेळ बायकोला चिडवायचा. मंगळवारी सुरी येताच त्यानं ती कागदावर ठेवून रेखली, दोऱ्यानं जाडी मोजली, बोंडाची उंची मोजली, आणि ती परत गेल्यावर संध्याकाळपर्यंत लाकडाची हुबेहूब दुसरी सुरी कोरून दिली. मुठीवरचे ते खळगेही त्यानं हौसेनं उतरवले.

"ते कशाला?" आरीबाई म्हणाली. "ते मी घासून काढणार आहे."

"मी दिसतं ते करतो. तुझ्यासारखा लोकांना सुधारायला जात नाही."

ह्यावर तिच्याकडे उत्तर होतं, पण तोंडात मेणाचा दोरा होता. शिवताना दोऱ्याचं एक टोक ती कायम दातांत धरायची, हात दोनच असल्यामुळे. नवरा म्हणायचा, घरात शांतता हवी असेल तर हिला शिवायला काहीतरी आणून द्यावं.

त्या आठवड्यातल्या दुपारी आरीबाईला नंतरही नीट सांगता यायच्या नाहीत. दोन वाजता गल्लीतले आवाज एकेक करून थांबत. खिडकीतून येणारं ऊन बाकावर चढे, पाण्याच्या तसराळ्यात उतरे आणि तिथेच बसून राही. तसराळ्यात चामडं भिजत पडलेलं असे, त्यातून बारीक बुडबुडे वर येत, आणि आरीबाई पाण्यात हात घालून ते संपायची वाट बघे. कुठेतरी चार गल्ल्या पलीकडे एक म्हातारी बाई झोपली आहे, आणि ती झोपली आहे तेवढाच वेळ आपल्या हातात आहे, हे तिच्या मनातून जात नसे. मग जागेपणीच तिला वाटे की आपण कुणाच्या तरी झोपेत बसून काम करतो आहोत. जोरात हातोडी मारायचीही तिला भीती वाटे. ती मारायची ते हळूच, चामड्याखाली चिंधी घालून.

बुधवारी तिचा डोळा लागला. मनगटापर्यंत हात पाण्यात, मान भिंतीला टेकलेली. तिला रोपांच्या रांगा दिसल्या, गुडघ्याएवढ्या, धुक्यात पार शेवटपर्यंत गेलेल्या. प्रत्येक रोपाशी कुणीतरी बसून गेल्यासारखी ओल्या मातीत एक खोलगट जागा. ती रांगेतून चालत होती आणि तिचे दोन्ही हात कशात तरी गुंतलेले होते, कशात ते दिसत नव्हतं, आणि काहीतरी सांगायचं होतं पण तोंड उघडता येत नव्हतं. उघडलं तर काहीतरी पडलं असतं. जाग आली तेव्हा समोर लेक उभी होती आणि चार वाजायला दहा मिनिटं होती.

"रोपवाटिकेत धुकं असायचं का?" आरीबाईनं विचारलं.

"मला नाही माहीत," लेक म्हणाली. "आई उजाडायच्या आत जायची. आम्ही कधी गेलोच नाही तिथे." सुरी गुंडाळताना ती थांबली. "एकदा जायला हवं होतं."

पॉलिश पेपर त्या दिवशीही राहून गेला.

*

गुरुवारी म्यान तयार झालं, आणि आरीबाईच्या मते असं म्यान तिनं जन्मात केलं नव्हतं. कमरेच्या पट्ट्यात अडकवायचं. मागची बाजू वरून अर्धी उघडी, म्हणजे बोंडाला जायला वाट. कडेला दोन थरांच्या मध्ये चामड्याची तिसरी पट्टी, म्हणजे धार दोऱ्याला लागणार नाही. लाकडी सुरीवर वाळून चामडं गळ्याशी असं आत बसलं होतं की बोंड त्यापलीकडे गेलं की "टक" असा आवाज यायचा. मग म्यान उलटं धरून झटकलं तरी सुरी पडत नव्हती. नवऱ्यानं वीसदा झटकून पाहिलं.

"बरं जमलंय," तो म्हणाला. त्याच्या तोंडून हे म्हणजे फारच झालं.

आपलं काम मिरवायची तिलाही हौस होती. ती लेकीबरोबर तिच्या घरी गेली. दोन खोल्या, गॅलरीत कुंड्या, खाटेवर आजी. अंगानं चिमणीएवढी, हात मात्र भल्या मोठ्या बाईचे. चार वाजता तिनं डोळे उघडले, हात उशीखाली गेला, तिथे म्यानासकट सुरी होती. लेकीनं तिला बसवून गाऊनवरून पट्टा बांधला, आणि आजीनं खाली पाहून म्यान चाचपलं. मग सुरी अशी सहज बाहेर काढली की आरीबाईचा ऊर भरून आला.

लेकीनं कुंडीतली एक काडी तोडून तिच्या डाव्या हातात दिली. आजीनं तिला चीर दिली, सुरी फिरवून बोंडानं साल उचलली. इतकं हलकं, की काडीला कळलंही नसेल. डाव्या हाताचा अंगठा काडीवर दाबून धरत तिनं त्याच हाताच्या दोन बोटांनी खिशातून कापडाची एक पट्टी ओढून काढली. पट्ट्यांचे असे तुकडे तिच्या खिशात कायम असायचे, लेक कपडे धुताना रोज काढायची. आणि मग सुरीचा हात वर उठला.

तो तोंडाशी गेला. मुठीचं टोक ओठांना लागलं, ओठ उघडले, आत नुसत्या हिरड्या. हात तिथेच थांबला, काहीतरी व्हायची वाट बघत. काही झालं नाही. आजीच्या कपाळावर आठी पडली. डाव्या हातातली पट्टी गळून खाली गेली. मग हात हळूहळू, सरळ खाली, उघड्या पात्यासकट मांडीवर आला, आणि लेकीनं झडप घालून मनगट पकडलं.

"असंच होतं," ती म्हणाली. तिचा आवाज आता मोजका राहिला नव्हता. "रोज असंच. कमरेला ठेव, कमरेला ठेव, किती सांगायचं? काढते बरोबर, ठेवायचं सुचतच नाही तिला."

आरीबाईनं पुन्हा पुन्हा दाखवून पाहिलं. आजी तिच्याकडे सौजन्यानं बघत राहिली, दुकानात न घ्यायच्या वस्तूकडे बघावं तशी. जन्मात केलं नव्हतं असं म्यान, आणि काडीचा उपयोग नाही. आरीबाई घरी आली ती कुणाशी न बोलता, आणि दोरा तोंडात नसताना ती बोलत नाही हे पाहून नवरा खरोखर घाबरला.

"कुठल्यातरी पिशवीचा बंद शिव," तो म्हणाला. "बरं वाटेल."

तिनं एक बंद घेतला. आरीनं भोक पाडलं, दोरा ओवला, टोक दातांत धरलं, दोन्ही हातांनी टाका ओढला. तिसऱ्या टाक्याला ती थांबली. दोरा तोंडातून काढून तिनं उजेडात धरला. मेणावर दातांच्या खुणा होत्या, वर-खाली, बारीक बारीक.

"अहो," ती म्हणाली, "तुमची ती लाकडी सुरी आणा."

*

शुक्रवारी दोन वाजता सुरी आली. लेकीचा चेहरा उतरलेला. आता कशाला आणायची म्हणून ती निघतच नव्हती, पण आरीबाईनं सकाळीच पोस्टाच्या खिडकीवर जाऊन तिला दटावलं होतं. आरीबाईनं खऱ्या सुरीची मूठ धुतली, पुसली, आणि लेक "अहो, अहो" म्हणेपर्यंत ती तोंडात घातली. दात खळग्यांत बसले. सगळेच नाही, आजीचा जबडा लहान होता, पण बसले. पातं तोंडापासून लांब, समोर. आरीबाईनं दोन्ही हात वर करून बोटं हलवून दाखवली.

लेकीला समजायला थोडा वेळ लागला. मग ती स्टुलावर बसली.

"आम्ही तोंडात काही घातलं की चापट मारायची," ती म्हणाली. "पेन्सिल, बटण, काहीही. शी, हे काय, म्हणायची. आणि स्वतः..." पुढे तिला हसू आलं आणि हसता हसता रडू. "चाळीस वर्षं दातांत धरत होती आणि आम्हाला माहीत नाही."

"पट्टी बांधायला दोन हात लागतात," आरीबाई म्हणाली. "सुरी ठेवायची जागा तीच होती. दात गेले आणि जागा गेली."

"कवळी केलीय. लावूच देत नाही."

"कवळी राहू दे. हात तोंडाशी जातो, थांबतो, मग सरळ खाली मांडीवर येतो. पाहिलंस ना काल? त्या वाटेतच म्यान टांगायचं."

गळ्यात, छातीवर. पातं खाली, तोंड वर. लेक घाबरली, गळ्याशी सुरी, भाऊ तर ऐकणारच नाही. आरीबाईनं तिला एकेक करून सांगितलं. मागे दुहेरी जाड चामडं, धार छातीकडे नाही. मागच्या उघड्या बाजूवर झापड. म्यानाचं तोंड पसरट, हात जरा इकडेतिकडे झाला तरी पातं आतच जाईल. गळ्यातल्या पट्ट्याला प्रेस बटण, कुठे अडकला तर आपोआप सुटेल. ती सुबुद्धी नवऱ्याची. आणि लांबी अशी, की सुरी आत गेल्यावर मुठीचं टोक बरोबर हनुवटीखाली राहावं.

"बसल्यावर तुझी उंची आईएवढीच भरते का?"

"लोक म्हणतात मी तिच्यावरच गेलेय."

आरीबाईनं दोरा घेऊन लेकीच्या खालच्या ओठापासून छातीपर्यंतचं माप घेतलं. लेक डोळे मिटून बसली होती. इतकं स्थिर तिला कुणी कधी बसवलं नसावं.

पॉलिश पेपरचा तो फाडलेला तुकडा अजून बाकावर होता. आरीबाईनं तो उचलला. सोमवारी पंधरा मिनिटं जास्त असती तर तिनं ते खळगे हौसेनं सपाट केले असते. तिनं तुकडा चुलीत टाकावा तसा कचऱ्यात टाकला.

चामडं तिनं सुरी परत गेल्यावर भिजवलं, लाकडी सुरीवर बसवलं आणि शनिवारभर पंख्याखाली ठेवलं. उन्हात ठेवलं असतं तर लवकर वाळलं असतं, पण कडक होऊन चिरलं असतं. त्या दिवशी दोन वाजता कुणी आलं नाही. सुरी उशीखालीच राहिली, आरीबाई खिडकीखाली बसून राहिली, आणि तिला त्या झोपेची चुटपुट लागली, आपल्यालाच कुणी आत घेतलं नाही म्हणून.

*

रविवारी चार वाजता खोलीत चौघं होती. भाऊ मोठा, थकलेला, बोटांच्या कांड्यांवर केस असलेला माणूस. पाचच्या गाडीचं तिकीट खिशात. त्यानं खाटेजवळ खुर्ची ओढून घेतली. आईच्या गळ्यातलं म्यान पाहून तो पांढरा पडला.

"हे काय? कमरेला म्हणाली होतीस."

"बघ तू," लेक म्हणाली.

आजीनं डोळे उघडले, हात उशीखाली जायच्या आत लेकीनं तिला बसवून तो छातीवर नेला, मूठ सापडली. सुरी बाहेर आली. लेकीनं काडी दिली. चीर, फिरवणं, साल उचलणं. पट्टी आली. सुरीचा हात वर गेला, ओठांशी थांबला, वाट पाहिली. भाऊ खुर्चीतून उठला होता. आरीबाईनं नकळत स्वतःचे दात आवळून धरले. हात खाली यायला लागला आणि वाटेत म्यान भेटलं.

टक.

आजी थबकली. तिनं मान जराशी वाकवली. हनुवटीखाली मुठीचं टोक होतं, ते तिच्या ओठांना लागलं. ओठ त्यावर मिटले. आणि तिच्या चेहऱ्यावरून असं काहीतरी ओसरलं की लेकीला ते जन्मभर आठवणार होतं. दोन्ही हात मोकळे होते. त्यांनी पट्टी घेतली आणि काडी बांधून टाकली, सरसर, वरून खाली, शेवटच्या फेऱ्यात टोक आत खुपसून.

दुसरी काडी. टक. तिसरी काडी. टक.

भावानं शब्द दिलेला होता आणि तिन्ही वेळा झालेलं होतं, पण भीती शब्दाला ऐकत नाही. त्यानं हात पुढे केला.

"आई," तो म्हणाला, "तरी मला दे ती. एकदा बघू दे."

आजीनं पुढे आलेला हात पाहिला. सुरीला तिनं हात लावला नाही. ती आपल्या जागी होती. तिनं मुलाचं पुढचं बोट डाव्या हातात धरलं, अंगठ्यानं चाचपलं, कुठे गाठ आहे, कुठे सरळ आहे ते बघितलं. मग खिशातून पट्टी काढली आणि बांधायला लागली. घट्ट नाही, सैल नाही. मधून मधून थांबून ती बांधलेल्या जागेवर बोट ठेवायची. शेवटचा फेरा घालून तिनं टोक आत खुपसलं आणि ओठ मुठीवरून सोडवले.

"हलू नकोस," ती म्हणाली. कितीतरी दिवसांत ती इतकं स्वच्छ बोलली नव्हती. "तीन आठवडे हलवायचं नाही. धरेल."

भाऊ उभाच होता. मग तो हात तसाच पुढे ठेवून हळूहळू खुर्चीत बसला. त्याचे डोळे वाहत होते आणि पुसायला त्यानं दुसरा हातसुद्धा उचलला नाही. लेकीनं उठून गॅलरीचं दार लोटलं, म्हणजे बाहेरचा आवाज येऊ नये.

आरीबाई घरी पोचली तेव्हा पाच वाजून गेले होते.

"काय झालं?" नवऱ्यानं विचारलं.

सांगायला खूप होतं. तिनं बाकावरचा दोरा उचलला, टोक दातांत धरलं, आणि राहिलेला पिशवीचा बंद शिवायला घेतला.  नवरा शेजारी येऊन बसला आणि तिच्यासाठी बंदाचं दुसरं टोक धरून राहिला.